गोव्याच्या रानात जाताना: स्वस्त पण भरवशाचा चाकू आणि सोबतचे सामान

रानवाटा तुडवायला नव्याने लागलेली मुले भेटली की पहिला प्रश्न बहुधा चाकूचाच असतो. कुठला घेऊ, पाते किती इंचांचे हवे, ऑनलाइन दिसतो तो पाठीला करवतीचे दात असलेला बरा का? या प्रश्नांची उत्तरे खाली सविस्तर दिली आहेत. पण माझे ठाम मत आधीच सांगतो: गोव्यात चाकू ही खरेदीच्या यादीतली शेवटची वस्तू आहे. इथे माणूस अडचणीत येतो तो फार साध्या कारणांनी. व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, अचानक पाणी चढते, शेवाळलेल्या कातळावर पाय सरकतो, दाट झाडीत सूर्य मावळायच्या आधीच अंधारून येते, फोनला रेंज नसते आणि अंगावरचे कपडे तासन्‌तास ओले राहतात. आधी या गोष्टींसाठी सामान जमवा. ते थोड्या पैशांत जमते. मग उरलेल्या पैशांत चाकू घ्या, आणि तो कुठे न्यायचा नाही हेही समजून घ्या.

पायरी १: आधी ठिकाण ठरवा

गोव्यात सहा अभयारण्ये आणि एक राष्ट्रीय उद्यान आहे. सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या घाटाला टेकलेल्या तालुक्यांतले बरेचसे दाट रान म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव या अभयारण्यांत मोडते. मोलेचे राष्ट्रीय उद्यानही त्याच पट्ट्यात. म्हणजे गोव्यातला 'ट्रेक' म्हटले की तुम्ही बहुतेक वेळा संरक्षित वनात पाय ठेवत असता.

वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये 'शस्त्र' म्हणजे काय हे सांगताना बंदूक, धनुष्यबाण, जाळी, फास यांच्या रांगेत चाकूचेही नाव घातलेले आहे. त्याच कायद्याच्या ३१व्या कलमानुसार वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही, आणि हाच नियम राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. मी फळे कापायला आणलाय हो, हे तुमचे म्हणणे खरे असले तरी वनरक्षकाला ते मानण्याचे बंधन नाही. कमरेला कोयता लावून रानात फिरणाऱ्या अनोळखी माणसाकडे तो शिकारी म्हणूनच बघणार, आणि त्याने तसेच बघायला हवे. म्हादईच्या रानात चोरट्या शिकारीचा त्रास खरा आहे.

म्हणून अभयारण्यातल्या दिवसभराच्या भटकंतीला चाकू घरी ठेवा. फळे घरून कापून डब्यात न्या. पट्टी कापायला बोथट टोकाची लहान कात्री प्रथमोपचाराच्या पिशवीत ठेवा, आणि तीही नाक्यावर दाखवून विचारून घ्या. चाकूचा खरा उपयोग होतो तो आपल्या किंवा ओळखीच्यांच्या कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत), खाजगी जागेतल्या तंबूच्या मुक्कामात, नदीकाठच्या गावात, होडीच्या सहलीत. समुद्रकिनाऱ्यावर मुक्काम टाकून चूल मांडायचा बेत असेल तर तो सोडा; पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला गोव्यात कायद्याने बंदी आहे.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा. शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे वेगळ्या वर्गात टाकली आहेत. घरकामाची आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. तुम्हाला ४ इंचांहून मोठे पाते लागणारच नाही, त्यामुळे हा प्रश्न मुळात उभा राहू देऊ नका. सरकारी कदंब बसमधून जाताना चाकू म्यानात, कापडात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवायचा. विमानाने येत असाल तर तो हातातल्या बॅगेत अजिबात चालत नाही.

दूधसागरबद्दल एवढेच: रेल्वेच्या रुळांवरून चालत जाणे हा रेल्वे कायदा, १९८९ खाली गुन्हा आहे. कुळे येथून जीपची सोय हंगामात असते, तिने जा.

पायरी २: उजेड, शिट्टी, पाणी

पहिला खर्च डोक्याला बांधायच्या टॉर्चवर करा. हात मोकळे राहतात. ओल्या उतारावर दोन्ही हात लागतात. जाहिरातीतल्या हजारो लुमेनच्या (लुमेन हे उजेडाचे माप) आकड्यांना भुलू नका, पायवाटेला शंभर-दोनशे लुमेन पुरतात. स्वस्त टॉर्चची फसवणूक ओळखायचा एक सोपा उपाय आहे. आत जो बोटभर जाड लिथियम सेल असतो, त्याला १८६५० म्हणतात. त्यावर ९९०० एमएएच (सेलच्या क्षमतेचे माप) असे छापलेले दिसले तर तो माल तिथेच ठेवा. या मापाच्या चांगल्यात चांगल्या सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपासच असते. जो सेलवर खोटे छापतो तो टॉर्चच्या रबरी सीलमध्ये काय करत असेल? नवख्या माणसाने सरळ पेन्सिल सेलवर चालणारी टॉर्च घ्यावी. तसे सेल वाळपईच्या किंवा केप्याच्या कुठल्याही गाड्यावर मिळतात.

पाण्यापासून बचावाचा शिक्का बघा. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसणारी, आयपीएक्स ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारी. जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर दुसरी घ्या. पणजीत वर्षाला सरासरी ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घाटाच्या बाजूला त्याहून जास्त, तेव्हा शिंतोड्यांची गोष्टच नको.

शिट्टी प्लास्टिकची, आत गोळी नसलेली. ओली झाली की गोळीची शिट्टी अडते. तीन वेळा फुंकणे, थांबणे, पुन्हा तीन वेळा, ही मदतीची खूण बऱ्याच ठिकाणी ओळखली जाते. शिट्टी पिशवीत नको, गळ्यात हवी. घशातून मारलेली हाक धबधब्याच्या आवाजात दहा पावलेही जात नाही.

पाणी माणशी निदान २ लिटर, मार्च-एप्रिलमध्ये ३. व्हाळाचे पाणी कितीही नितळ दिसले तरी थेट पिऊ नका; वरच्या अंगाला गुरे असतात, गवे असतात. चार घड्यांच्या सुती कापडातून गाळा आणि खळखळून उकळा, किंवा क्लोरिनच्या गोळ्या वापरून पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा. ओआरएसची पाकिटे वजनाला काहीच नसतात, चार-पाच टाका. पाकीट संपले तर १ लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. खायला चणे, माडाचा गूळ, जत्रेतले खाजे. ही शिदोरी उन्हात नासत नाही आणि पावसात पिशवी घट्ट बांधली की पुरते.

फोनमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवा, पॉवर बँक दोन पिशव्यांत गुंडाळा. आपत्कालीन ११२ हा क्रमांक हाताशी असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरूनही लागू शकतो, रुग्णवाहिकेसाठी १०८. पण गोव्याच्या कितीतरी खोऱ्यांत कुठलेच नेटवर्क नसते. म्हणून घरी कागदावर लिहून ठेवा: कुठल्या गावातून चढणार, कुठे उतरणार, कोण सोबत आहे, किती वाजेपर्यंत फोन न आल्यास काळजी करायची. परतीची शेवटची बस कंडक्टरलाच विचारा.

पायरी ३: आता चाकू

चाकूने तुम्ही नक्की काय कापणार आहात? दोरी, कांदा, फणसाचे गरे, कापडाची पट्टी, वाळक्या काटक्यांच्या कपच्या, कधी शहाळ्याचे तोंड. जनावराशी झुंजायला चाकू लागत नाही. गवा दिसला तर मागे सरकायचे, अस्वल दिसले तर आणखी मागे. कामाची यादी एवढीच असेल तर ३ ते ४ इंचांचे साधे, एकधारी, सरळ पाठीचे पाते पुरून उरते.

सगळ्यात स्वस्त मार्ग तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. प्लास्टिकच्या मुठीची भाजी चिरायची लहान स्टेनलेस सुरी शंभर-दीडशे रुपयांच्या आत मिळते. तिला जाड पुठ्ठ्याचे म्यान करा, वर चिकटपट्टीचे तीन वेढे द्या. पातळ पाते असल्याने ती कापते छान. तिच्याने लाकूड फोडायचे नाही, डबा उघडायचा नाही, बस. पहिल्या वर्षासाठी मी प्रत्येकाला हेच सुचवतो, कारण वर्षभरात आपल्याला काय लागते आणि काय नाही हे हातालाच कळते आणि पुढची खरेदी शहाणपणाची होते.

पुढची पायरी म्हणजे म्यानात राहणारा, न मिटणारा चाकू. यात स्वीडनचे मोरा हे नाव जगभर नवख्यांना सुचवले जाते आणि ते योग्यच आहे. त्यांच्या कंपॅनियन चाकूचे पाते साधारण १० सेंटीमीटर, मूठ रबरासारखी, म्यान प्लास्टिकचे. बाहेरदेशी तो स्वस्तातला मानला जातो, आपल्याकडे आयातीमुळे महाग पडतो. घ्यायचाच झाला तर स्टेनलेसचा घ्या, कार्बन पोलादाचा नको.

हा पोलादाचा मुद्दा गोव्यात फार महत्त्वाचा आहे म्हणून थोडा थांबतो. कार्बन पोलादाला धार पटकन लागते, ते मजबूत असते, म्हणून परदेशी लेखांत त्याची स्तुती वाचायला मिळते. पण ते लेख कोरड्या थंड हवेत लिहिलेले असतात. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्यातली कोंदट ओल यांत कार्बनचे पाते रात्रीत तांबूस होते. कोकम किंवा लिंबू कापून न पुसता ठेवले तर तासाभरात काळे डाग पडतात. स्टेनलेसमध्ये क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे ते गंजाला तोंड देते. अर्थात तेही अजिबात गंजत नाही असे नव्हे. मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवले तर त्यालाही ठिपके येतात.

पात्यावर पोलादाचा प्रकार सांगणारा ४२० किंवा ४४० असा आकडा कोरलेला असतो. ४२० मऊ असते, सहसा गंजत नाही, धार लवकर जाते आणि लवकर लागतेही. नवख्याला हे चालते. ४४० मध्ये ए, बी, सी असे प्रकार आहेत आणि सी सगळ्यात कडक. नुसते '४४०' लिहून अक्षर दिले नसेल तर ते सी नाही असेच धरा. १२सी२७ हे स्वीडिश स्टेनलेस मध्यम किमतीच्या चाकवांत चांगले. याहून खोलात आता जायची गरज नाही, कारण पोलादाला पाणी कसे दिले आहे, म्हणजे तापवून-निववून ते कडक कसे केले आहे, यावर निम्मे अवलंबून असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच अनोळखी नावाच्या चकचकीत चाकूपेक्षा ओळखीच्या कंपनीची साधी सुरी बरी.

मिटणारा चाकू खिशात मावतो, पण त्याला कुलूप हवे. पाते उघडल्यावर घट्ट बसायला हवे, नाहीतर जोर देताना ते बोटांवर मिटते. फ्रान्सचा ओपिनेल सुंदर चाकू आहे, त्याच्या ८ नंबरचे पाते साडेआठ सेंटीमीटर, गळ्याशी फिरणारी कडी हेच त्याचे कुलूप. पण मूठ लाकडाची. जुलैच्या दमट हवेत ते लाकूड फुगते आणि पाते खाचेत अडकून बसते. ऑक्टोबरनंतर वापरणार असाल तर जरूर घ्या. व्हिक्टोरिनॉक्सचे बहुउपयोगी चाकू महाग असले तरी त्यांतली कात्री, चिमटा आणि डबा उघडणी रोज कामाला येतात. मात्र त्यांच्या लहान चाकवांना कुलूप नसते, हे ध्यानात ठेवून हलक्या कामाला वापरा.

काय टाळायचे ते स्पष्ट सांगतो. पोकळ मुठीत होकायंत्र आणि काडेपेटी भरलेला मोठा 'सर्व्हायव्हल' चाकू टाळा. पाते मुठीला जिथे जोडलेले असते तिथेच तो मोडतो. पात्याची शेपटी मुठीच्या टोकापर्यंत आरपार गेलेली असणे चांगले, निदान अर्ध्याहून जास्त आत असावी. पाठीवरचे करवतीचे दात लाकूड कापत नाहीत, हात मात्र कापतात. बटण दाबताच उडून उघडणारे चाकू, हातात गुंफायच्या लोखंडी पकडी, दुधारी कट्यारी हे सामान बाळगण्यात पोलिसी भानगडीशिवाय काही मिळत नाही. एटीएम कार्डासारखी 'अकरा कामांची' पत्र्याची पट्टीही नको. आणि 'दमास्कस' (लहरींची नक्षी असलेले पोलाद) म्हणून हजार रुपयांत मिळते ती नक्षी बहुधा आम्लाने वरून काढलेली असते.

दुकानात हातात घेऊन बघता आले तर पाच मिनिटे नीट बघा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या बाजारात दुकानदार ओरडत नाही, उलट खरा गिऱ्हाईक ओळखतो. धार वर करून उजेडाखाली धरा. जिथे चमक परत येते तिथे धार बोथट आहे किंवा दाते पडले आहेत. टोकाकडून मुठीकडे नजर लावून पाते सरळ आहे का ते पाहा. मूठ घट्ट धरून पाते हलते का बघा. मिटणारा असेल तर उघडून, बोटे वाटेत न ठेवता, पाठीवर बेताने दाब द्या. शेवटी वर्तमानपत्राचा तुकडा हवेत धरून कापा. म्यानातून चाकू उलटा धरला तर पडता कामा नये. स्वस्त चाकवांत पाते बरे आणि म्यान टाकाऊ असे पुष्कळदा दिसते.

राहिला आपला कोयता. गावच्या लोहाराने ट्रकच्या पाट्यापासून घडवलेला कोयता हे कोकणपट्टीतले उत्तम अवजार आहे यात शंका नाही. कमरेच्या आकडीत लटकवून माडावर चढणारा माणूस त्याच्याने जे करतो ते कुठलाही आयात चाकू करू शकणार नाही. पण ते शिकून येणारे काम आहे. ज्याचे बालपण कुळागरात गेलेले नाही, त्याने सहलीला कोयता नेऊ नये. कुळागरात मुक्काम असेल तर तिथल्या काकांचाच कोयता असतो. लाकडे तोडायची असतील तर त्यांना सांगा, आणि शेजारी उभे राहून शिका. झाड तोडण्याचा तर प्रश्नच येत नाही. गोव्यात १९८४ पासून झाडांच्या रक्षणाचा कायदा आहे आणि खाजगी जमिनीतल्या झाडालाही परवानगी लागते.

पायरी ४: धार आणि निगा

बोथट चाकू जास्त धोक्याचा, कारण जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात घसरतो. हार्डवेअरच्या दुकानात धारेचा दोन अंगांचा दगड स्वस्तात मिळतो, एक बाजू खरखरीत आणि एक गुळगुळीत. पाण्यात भिजवा. पाते दगडावर आडवे ठेवून पाठ थोडी उचला, साधारण वीस अंशांचा कोन होईल इतकीच. दगडाचा पातळ पापुद्रा कापून काढतोय अशा बेताने पुढे ढकला. दोन्ही बाजूंना सारखे घास द्या. कोन एकच ठेवणे हेच सगळे कौशल्य, वेग नव्हे. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाला जी न चकाकणारी कडी असते तिच्यावर पाजवता येते. फिरत्या चाकावर धार लावणाऱ्याकडे पातळ सुरी देऊ नका. पाते तापते आणि पोलादाचे पाणी उतरते.

वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पुसा, वाळवा. खोबरेल तेलाचा थेंब बोटाने पात्यावर फिरवा; अन्न कापायचे असल्याने तेच बरे. मिटणाऱ्या चाकूच्या सांध्यात मात्र शिलाई मशीनचे तेल, कारण खोबरेल पुढे चिकट होते. चामड्याचे म्यान पावसाळ्यात ओल धरून ठेवते आणि त्याला बुरशीही येते. त्यात चाकू महिनाभर ठेवला तर गंज ठरलेला. घरी चाकू म्यानाबाहेर, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा.

पायरी ५: हात सांभाळा

कापताना धार अंगापासून दूर. बसून कापायचे असेल तर मांड्यांच्या मध्ये कधीही नको. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी धमनी असते. कोपरे गुडघ्यांवर टेकवून हात पुढे ठेवा. हात पसरून गोल फिरा: त्या घेरात कोणी नसेल तरच चाकू बाहेर काढा. दुसऱ्याला देताना खाली ठेवा, त्याने उचलावा. हातातून निसटला तर पडू द्या, पकडायला जाऊ नका. अंधार पडल्यावर आणि ओल्या हातांनी कापणे बंद.

कापलेच तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून दहा मिनिटे धरा, मध्ये उचलून बघू नका. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली आहे का हे निघण्याआधीच तपासा.

पायरी ६: पावसाचे सामान

निळी किंवा काळी ताडपत्री, ६ बाय ८ फुटांची, चारही कोपऱ्यांना पितळी कड्या बसवलेली. पावसाच्या तोंडावर प्रत्येक बाजारात तिचे ढीग लागतात. छप्पर, चटई, पांघरूण, जखमीला उचलायची झोळी, सगळे एकाच कापडात. आमच्या आजोळी शेतात वाकून काम करताना पाठीवर इरले असायचे; ताडपत्रीने तेच काम होते, फक्त वारा जास्त धरते.

सोबत १५ मीटर नायलॉनची दोरी. 'पॅराकॉर्ड' म्हणून विकली जाणारी दोरी घ्यायची तर टोक उसवून बघा. खऱ्या ५५० प्रकारच्या दोरीत आत सात धागे असतात, नकलीत नुसता कापूस भरलेला. या दोऱ्या तंबू बांधायला आहेत, माणूस लटकवायला नाहीत. तेच दोरीत अडकवायच्या रंगीत धातूच्या कड्यांचे (कॅरॅबिनर). ज्या कडीवर किती भार पेलेल ते किलोन्यूटन या मापात कोरलेले नाही तिच्यावर जीव टांगायचा नाही.

कपड्यांचा एक कोरडा जोड जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि तो मुक्कामाला पोचेपर्यंत उघडायचा नाही. खताच्या रिकाम्या गोणीत आत जाड पिशवी घातली की महागड्या 'ड्राय बॅग'चे काम होते. बुटांवर जास्त पैसे घालायचे असतील तर ते तळव्याच्या रबरावर घाला. कडक प्लास्टिकचा तळवा शेवाळावर टिकत नाही.

व्हाळ ओलांडण्याबाबत सामान मदत करत नाही, डोळे करतात. पाणी अचानक गढूळ झाले, पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज बदलला, तर वर घाटात पाऊस झाला आहे. लगेच काठ चढा आणि पाणी उतरेपर्यंत थांबा, रात्र झाली तरी. टॉर्च, ताडपत्री आणि कोरडा जोड आहेत ते याच रात्रीसाठी. धबधब्यांवर पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात. निघण्याच्या दिवशी वनखात्याच्या कार्यालयात विचारा.

पायरी ७: आग

साधा गॅसचा लायटर दोन, वेगवेगळ्या पिशव्यांत. मेणात बुडवून वाळवलेले कापसाचे बोळे डबीत. ठिणगी पाडायची कांडी शिकायला मजा, पण भर पावसात लायटरच उपयोगी. चुलीला सुका काथ्या, करवंट्या, चुडत (माडाची झावळी) गावातून मागून घ्या. माडाच्या देशात सरपण विकत घ्यावे लागत नाही.

अभयारण्यात मात्र आग नाही, कुठल्याच मोसमात. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानात आणि आसपास वणवे पेटले तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकायला आणावी लागली. ते डोंगर काळे पडलेले ज्यांनी पाहिले त्यांना सुक्या पानगळीवर काडी ओढवणार नाही. उन्हाळ्यात कुळागरातही लहान गॅस शेगडीवरच चहा करा.

पायरी ८: साप, गोचीड, औषधांची पिशवी

नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही गोव्यात आहेत, आणि पावसात झुडपांवर चापडा हा विषारी सापही दिसतो. पायात घोटा झाकणारे बूट, हातात काठी, रात्री टॉर्च, आणि जिथे दिसत नाही तिथे हात घालायचा नाही. एवढ्याने बहुतेक दंश टळतात. सापाचे विष ओढून काढायचा पंप मिळतो, तो घेऊ नका, त्याने काही निघत नाही. दंश झाल्यास चाकू पिशवीतच राहू द्या. चिरा देणे, चोखणे, करकचून दोरी बांधणे, तिन्ही घातक. अंगठ्या आणि घड्याळ काढा, दंश झालेला हात-पाय फळीला बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, उचलून न्या. जवळचे सरकारी आरोग्य केंद्र गाठा आणि तिथून गरज पडल्यास बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ).

सापापेक्षा कमी बोलले जाते ते गोचिडीबद्दल. माकडताप, म्हणजे १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या रानात प्रथम ओळखला गेलेला आजार, सत्तरी तालुक्यात आणि शेजारच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्गात पोचला आहे. तो गोचिडीच्या चाव्याने होतो आणि पावसाळा संपल्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत, साधारण डिसेंबर ते मे, जोर धरतो. ऐन ट्रेकिंगचा हंगाम तोच. पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे घाला म्हणजे गोचीड दिसते, पँट मोज्यात खोचा, कीटकरोधक मलम लावा, पाचोळ्यावर थेट बसू नका, ताडपत्री अंथरा. बारीक टोकाचा चिमटा पिशवीत हवाच: गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढायची, चटका द्यायचा नाही, रॉकेल लावायचे नाही. वाटेत मेलेले माकड दिसले तर लांब राहा आणि वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

पावसातल्या जळवा त्रासदायक असतात, पण घातक नाहीत. नखाने कडेकडून सोडवा.

पिशवीत आणखी काय? जाळीच्या पट्ट्या, त्रिकोणी कापड, आयोडिनचे मलम, हातमोजे, तुमची रोजची औषधे. एवढे सगळे, साध्या सुरीसकट आणि बूट सोडून, तीनेक हजारांत बसवता येते, आणि ताडपत्री, दोरी, डबा यांतले निम्मे घरातच सापडते.

पायरी ९: घरी आल्यावर

कपडे थेट गरम पाण्यात. अंघोळीआधी काखा, कमरेचा पट्टा, गुडघ्यांच्या मागे आणि कानांमागे गोचीड तपासा, मुलांची डोकीही. ताडपत्री ओली घडी करून ठेवू नका, व्हरांड्यात पसरा. टॉर्चमधले सेल काढून ठेवा, ते पाझरले तर टॉर्च गेली. चाकू धुऊन, तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळा.

आणि पुढचे दोन आठवडे ताप, तीव्र डोकेदुखी किंवा अंगदुखी आली तर गोळी घेऊन वाट बघत बसू नका. व्हाळाच्या पाण्यात उतरला असाल तर लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) असू शकतो. डॉक्टरांना आपणहून सांगा, कुठल्या गावाच्या रानात गेला होता, कुठल्या तारखेला, आणि अंगावर गोचीड सापडली होती की नाही.